उलटं दिसलेलं मॉसबी

मित्रांनो, ओढा ओलांडून मॉसबीच्या लांब कुरणातून सरळ चालत गेलात की टोकाला कंबरेएवढा एक जुना दगड उभा दिसेल. तो मी. माझ्या एका अंगावर मॉसबी गावाचं नाव कोरलंय आणि पाठीवर शेजारच्या कॉर्बिगिलचं. मला हद्दीचा दगड म्हणतात. नुसता दगड म्हटलंत तर मला राग येतो. नुसते दगड आमच्या डोंगरावर जागोजाग पडलेत, त्यांना कुत्रंसुद्धा विचारत नाही. माझ्याकडे निदान कुत्रं तरी येतं. ते काय करून जातं ते सोडा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लोक चालून दमले की माझ्यावर टेकतात, आणि माणूस टेकला की बोलतो. त्यामुळे जे मी स्वतः पाहिलं नाही तेही मला ठाऊक असतं. नाहीतर मधेच विचाराल की दगडाला सभागृहातलं कसं कळलं.

माझा जन्म कॉर्बिगिलच्या वरच्या खाणीतला. दोन गावांमधे मेंढ्यांवरून इतकी भांडणं व्हायची की शेवटी दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी मला खाणीतून काढून घेतलं, पाथरवटाकडून नावं कोरून घेतली आणि दोन घोड्यांच्या घसरगाडीवरून इथे आणून उभं केलं. ठरलं असं की माझ्या अलीकडचं कुरण मॉसबीचं, सगळ्या गावाच्या मालकीचं, आणि माझ्या पलीकडची जमीन कॉर्बिगिलच्या जमीनदाराची. त्याला आता पावणेदोनशे वर्षं झाली. तेव्हापासून माझं काम एकच, हलायचं नाही.

हे काम सोपं वाटेल तुम्हाला. करून बघा. मेंढ्या अंग घासतात, बर्फ मानेपर्यंत चढतो, वारा तर असा की भल्याभल्यांच्या टोप्या कॉर्बिगिलला जातात. पण मी हललो नाही. आणि मॉसबीला त्या कुरणाची गरज किती म्हणून सांगू? गावात बाकी सगळा उतारच. चेंडू सोडला तर तो चर्चच्या दारात जाऊन थांबतो. गुरं सोडायला, गवत कापायला, जत्रा भरवायला आणि मुलांना धावायला सपाट जागा काय ती ही एकच.

तेव्हा हद्द कुठे आहे हे गावाच्या लक्षात राहणं फार महत्त्वाचं होतं. लिहिता-वाचता येणारे थोडे, आणि कागदाला उंदीर लागतात. म्हणून मॉसबीने आपली आठवण मुलांच्या डोक्यात ठेवायची पद्धत काढली. दर सात वर्षांनी मे महिन्यात पाद्रीसाहेब, गावातले म्हातारे आणि नऊ-दहा वर्षांची सगळी मुलं हातात सोललेल्या छड्या घेऊन हद्दीभोवती फिरायची. खुणेचं झाड आलं, झोडपा. भिंतीचा कोपरा आला, झोडपा. माझ्यापाशी आले की मात्र छडी नाही. इथे एकेका मुलाचे पाय धरून त्याला उलटं करायचे आणि त्याचं डोकं तीनदा माझ्यावर आपटायचे. म्हणजे म्हातारपणीसुद्धा पोराला विचारलं, "दगड कुठे होता रे?" तर त्याच्या डोक्याने बरोबर सांगावं.

घाबरू नका. मी कुणाचं टाळकं फोडलेलं नाही. म्हणायचे आपटणं, करायचे टेकवणं. अगदीच द्वाड कार्टं असलं तर जरा जोरात. मग त्याला मनुका घातलेला गोड पाव मिळायचा, आणि तो पाव खाईपर्यंत ते मूल स्वतःला गावातला मोठा माणूस समजायचं.

एकोणीसशे तेरा साली विल्फ मेटकाफची पाळी आली. चर्चची देखभाल करणाऱ्या अमॉस मेटकाफचा हा थोरला मुलगा, नऊ वर्षांचा. अमॉसनेच त्याचे पाय धरले. बाकीची मुलं किंचाळली, लाथा झाडल्या, एकाची तर विजार सुटली. विल्फ मात्र गप्प. हूं नाही की चूं नाही. खाली उतरल्यावर पाद्रीसाहेबांनी त्याची पाठ थोपटली.

"काय विल्फ, पाहून ठेवलंस ना नीट? सांगशील पुढे?"

"हो साहेब," विल्फ म्हणाला.

त्या दिवसापासून गावात त्याचं नाव झालं. मेटकाफांचा पोरगा धीराचा आहे, त्याला एकदा दाखवलं की विसरत नाही, असं लोक म्हणायचे.

सात वर्षांनी पुन्हा मे महिना आला. मधल्या काळात लढाई होऊन गेली होती आणि मॉसबीचे चौदा जण परत आले नव्हते. एवढ्याशा गावातले चौदा. ज्यांनी मुलांचे पाय धरायचे ते बापच नव्हते. त्या वर्षी रांगेत पाचच मुलगे उभे होते, आणि त्यांच्यामागे सहावी उभी होती विल्फची धाकटी बहीण आयव्ही. वय वर्षं नऊ. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली.

पाद्रीसाहेब म्हणाले, "बाळ, मुलींना आपटत नाहीत."

"का?"

"का म्हणजे? नाही आपटत."

"मी विहिरीवरून पाणी आणते. कोंबड्यांखालचं साफ करते. तेव्हा मला कुणी म्हणत नाही की मुली हे करत नाहीत."

म्हातारे हसले. तिचा बाप अमॉस लाजेने लाल झाला. "आयव्ही, पाव पाहिजे ना तुला? माझ्यातला अर्धा देतो, चल हो बाजूला."

"पाव नकोच मला. मला बघायचंय."

मग काय करता? अमॉसने कपाळाला हात लावला, तिचा झगा गुडघ्यांपाशी दोरीने बांधला आणि तिला उलटं केलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या वेळेला ती ओरडली, "थांबा ना बाबा, अजून बघतेय!" माणसं पोट धरधरून हसली. बापाने तिला आणखी थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. तिच्या वेण्या माझ्या दोन्ही अंगांना लोंबत होत्या. इतक्या वर्षांत माझ्यावर डोकं ठेवून आणखी थोडा वेळ मागणारी ती एकटीच. मला ती तेव्हाच आवडली.

पुढे गावातल्या पोरांनी तिला 'उलटी आयव्ही' म्हणून वर्षानुवर्षं चिडवलं. विल्फही चिडवायचा. त्याने चिडवलं की ती त्याच्या चहात साखर घालायची नाही.

आता माझ्यावर आलेल्या संकटाचं सांगतो. एकोणीसशे चाळीस साली दुसरी लढाई पेटली होती. जर्मन सैनिक आभाळातून छत्र्या घेऊन उतरणार अशी हवा होती. सरकारचा हुकूम आला की रस्त्यांवरच्या, वेशीवरच्या सगळ्या पाट्या काढा, गावाची नावं झाका. शत्रू उतरला तर त्याला आपण कुठे आहोत हे कळता कामा नये. मॉसबीला यायला वाट एकच, तीही धड सापडत नाही, तिथे जर्मन कशाला येतोय! पण हुकूम तो हुकूम. आणि माझ्या अंगावर तर गावाचं नाव ठसठशीत कोरलेलं.

ऑगस्टच्या एका दुपारी अमॉस आणि गावचा लोहार जोसाया असे दोघे फावडी घेऊन आले. माझ्या पायाशीच त्यांनी लांब खड्डा खणला, पहारीने मला आडवं केलं, वर माती लोटली आणि हिरवळ जशीच्या तशी बसवली.

"खूण काय धरायची?" लोहाराने विचारलं.

अमॉसने इकडेतिकडे पाहिलं. "ही काय, गवताची गंजी. गंजीपासून बरोब्बर दहा पावलं."

"झालं तर मग."

मित्रांनो, मी खालून ओरडलो असतो, पण दगडाला तोंड कुठे असतं? गंजी म्हणजे कापलेलं गवत. हिवाळ्यात मेंढ्यांनी ती खूण खाऊन टाकली. दोन वर्षांनी अमॉस गेला, लढाई संपायच्या आत लोहारही गेला. मी कुठे आहे हे जाणणारं माणूसच राहिलं नाही. दर सात वर्षांची फेरीही लढाईत बंद पडली ती पडलीच.

जमिनीखाली मी तेहतीस वर्षं होतो. फार काही सांगण्यासारखं नाही. अंधार, गांडुळं, वरून गुरांचे पाय. उन्हाळ्यात मुलं धावायची तेव्हा मला बरं वाटायचं. एरवी वाटायचं, विसरले ते विसरलेच. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

नव्या राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, म्हणजे त्रेपन्न साली, गावाला एकदम माझी आठवण झाली. समारंभ करायचा तर हद्दीचा दगड परत उभा करू, अशी टूम निघाली. इथेतिथे खणून पाहिलं, मी काही सापडलो नाही. तोवर विल्फ गावच्या पंचायतीचा अध्यक्ष झालेला. त्याच्याकडे सगळे वळले. मी रोजच दिसायचो, म्हणून जागा कुणी ध्यानातच ठेवली नव्हती; लहानपणी आपटलेल्यांपैकी बरेचसे लढायांत गेले होते, काही पोटापाण्यासाठी शहरात, उरलेल्या तिघा म्हाताऱ्यांनी तीन ठिकाणं दाखवली.

"विल्फ, तू सांग. तुझ्या शब्दाबाहेर आम्ही नाही."

विल्फ ओढ्यापाशी गेला आणि त्याने काठावरच पाय आपटला. "इथे. ह्या झाडाजवळ. मला चांगलं आठवतंय."

आयव्ही तेव्हा शाळेत मुलांचं जेवण रांधायची. ती पदराला... नाही, आमच्याकडे पदर नसतो, एप्रनला हात पुसत आली. "इतक्या अलीकडे नव्हता रे. कुरणाच्या पार टोकाला होता."

"तुला काय आठवणार? तू तर उलटी होतीस!"

"मग तू काय सुलटा होतास?"

लोक हसले, बँड वाजायला लागला आणि विल्फने तिथे सिमेंटचा खांब उभा केला. आयव्हीनेही जास्त ताणलं नाही. खांब इथे काय नि तिथे काय, कुरण कुठे जातंय, असं तिला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं.

वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कॉर्बिगिलची जमीन पार्जिटर नावाच्या माणसाने घेतली. माणूस वाईट नव्हता, पण त्याची नजर मोठी होती. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी चाकांवरच्या घरांची वस्ती करायची, तर सपाट जागा पाहिजे. त्याने खांब पाहिला, कागद काढले. कागदात लिहिलेलं, हद्दीच्या खुणेच्या पलीकडे सगळं कॉर्बिगिलचं. आणि खूण तर मॉसबीच्या लोकांनी स्वतःच, बँड लावून, ओढ्याच्या काठी ठोकलेली. म्हणजे अख्खं लांब कुरण त्याचं. पंधरा दिवसांत काटेरी तार लागली, 'आत येऊ नये' अशी पाटी लागली आणि मुलांचा चेंडू तारेपलीकडे गेला की तो परत यायचा बंद झाला.

आता पळापळ सुरू झाली. जुना नकाशा काढला तर नेमका घडीवर फाटलेला. नव्या नकाशात सिमेंटचा खांब. शेवटी अशी भांडणं ऐकणारा सरकारी अधिकारी येणार असं ठरलं. तो म्हाताऱ्यांच्या साक्षी घेणार आणि निकाल देणार. विल्फ तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा. त्याची बायको वारल्यापासून बहीणभाऊ एकाच घरात राहत होते. साक्षीच्या आधी गावातले दोन-तीन जण घरी आले.

"विल्फ, तू नुसतं म्हण, खांब लावताना अंदाज चुकला. बाकी आम्ही बघतो."

"मी चुकलेलो नाही."

"अरे, कुरण जातंय!"

"जाऊ दे. मला जे आठवतं ते मी सांगणार. साठ वर्षं या गावाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय. आता सोयीसाठी खोटं बोलू?"

ते बिचारे खाली मान घालून गेले. विल्फची चीड आली तरी त्याच्या सचोटीला नावं कशी ठेवायची? आयव्हीने मात्र चहाची किटली टेबलावर आदळली.

"विल्फ, मी उद्या उठून सांगणार की तो खांब चुकीचा आहे."

"सगळ्या गावासमोर? माझ्या विरुद्ध?"

"तुझ्या नाही रे. खांबाच्या."

"खांब म्हणजे मीच, आयव्ही. सांगायचं तर सांग. मग या घरात मला तोंड दाखवू नकोस."

ती रात्रभर झोपली नाही, असं तिनेच मला नंतर सांगितलं. बासष्ट वर्षांची बाई, दुसरं घर नाही, दुसरं माणूस नाही. बोलावं तर भाऊ तुटतो, न बोलावं तर गावातल्या मुलांच्या पायाखालची जागा जाते. आणि ती रोज त्याच मुलांना जेवायला वाढायची.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. विल्फने साक्ष दिली. खांब बरोबर जागी आहे, तेरा साली मला तिथेच आपटलं, मी नीट पाहिलंय. पार्जिटरच्या वकिलाने त्याला वाकून नमस्कारच करायचं बाकी ठेवलं. अधिकाऱ्याने विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

आयव्ही उभी राहिली. "मला. वीस साली मलाही आपटलंय."

मागून कुणीतरी हसलं, "उलटी आयव्ही!"

"हो, तीच," ती म्हणाली. "साहेब, दगड कुरणाच्या टोकाला होता."

"कशावरून म्हणता?"

"चर्चच्या मनोऱ्यावर वाऱ्याचा कोंबडा आहे ना, त्याच्यामागे डोंगराला एक खाच आहे. मला दगडावर टेकवलं तेव्हा कोंबडा बरोबर त्या खाचेत बसलेला होता. अगदी अंडं उबवत बसावा तसा. आता खांबापाशी उभं राहून बघा, कोंबडा डोंगराच्या वर आभाळात दिसतो."

अधिकाऱ्याने चष्मा पुसला. "बाई, मग कोंबडा खाचेत कुठून दिसतो ते दाखवाल का?"

सगळं गाव ओढा ओलांडून कुरणात आलं. इथून पुढचं मी स्वतः ऐकलंय, कारण ते सगळे माझ्याच डोक्यावर चालत होते. आयव्ही मागे मागे सरकत होती, थांबत होती, मान वाकडी करत होती. पार्जिटरचा वकील घड्याळ बघत होता.

"काय झालं, बाई?"

"सरळ बघून कळत नाही हो. सरळ मी रोजच बघते, सगळीकडून सारखंच वाटतं." मग तिने जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "कुणी हसलं तर हसू दे."

तिने गावाकडे पाठ केली, रविवारचा चांगला झगा गुडघ्यांपाशी मुठीत धरला, वाकली आणि दोन्ही पायांमधून मागे पाहिलं.

मित्रांनो, हसले की! पार्जिटरची माणसं तर तारेला धरून हसली. पण ती उठली नाही. तशीच वाकलेली, चेहरा लालबुंद, एकेक पाऊल सरकत राहिली. डावीकडे थोडी. आणखी थोडी. मग टोकाकडे. हसणं हळूहळू थांबलं. कुणाची तरी लहान मुलगी तिच्या शेजारी जाऊन तशीच वाकली. "आजी, दिसतोय कोंबडा, अजून वर आहे!" दोघी मिळून सरकायला लागल्या. आणि मग माझ्या छातीवर एक पाऊल येऊन थांबलं.

"इथे," आयव्ही म्हणाली. "इथे खणा."

फावड्याचा पहिला आवाज मला आला तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू? दीड हातावर लोखंड माझ्या खांद्याला लागलं. माती बाजूला झाली, उजेड आला. कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं आणि माझ्या अंगावरचं नाव वर आलं. ओरडाआरडा झाला, टोप्या उडाल्या, त्यातली एक नेहमीप्रमाणे कॉर्बिगिलला गेली. अधिकाऱ्याने गुडघ्यावर बसून माझ्यावरून हात फिरवला, वहीत लिहिलं आणि महिन्याभराने निकाल पाठवला. कुरण मॉसबीचं. तार निघाली, पाटी निघाली, मी माझ्या जागी पुन्हा उभा राहिलो.

पण मी खड्ड्यातून वर पाहिलं तेव्हा विल्फ सगळ्यांच्या मागे उभा होता. डोक्यावरची टोपी हातात. तो तसाच घरी निघून गेला.

पुढचे सहा आठवडे बहीणभाऊ एका घरात राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. ती त्याचं ताट झाकून ठेवायची, तो ते उशिरा खायचा. गावातल्या तरण्या पोरांनी खांब फोडायला घण काढला तेव्हा विल्फने तो त्यांच्या हातातून घेतला. "मी लावलाय. मीच काढणार." दोन दिवस लागले त्याला. कुणाला हात लावू दिला नाही.

मग एका दुपारी दोघे माझ्याकडे आले. विल्फ माझ्यावर टेकला. बराच वेळ त्याने टोपी गोल गोल फिरवली.

"आयव्ही, मी डोळे मिटले होते."

"काय?"

"तेरा साली. बाबांनी मला उलटं केलं तेव्हा. घट्ट मिटले होते. घाबरलो होतो गं मी. मला काहीच दिसलं नाही. ना कोंबडा, ना डोंगर, ना काही."

आयव्हीला हे ठाऊकच नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? माझ्याकडे फक्त टाळू येते, डोळ्यांचं मला काय कळणार?

"पाद्रीसाहेबांनी विचारलं, पाहिलंस ना? मी हो म्हणालो. मग सगळेच विचारायला लागले. दर वेळी हो म्हणालो. इतक्यांदा म्हणालो की मलाच दिसायला लागलं. ते ओढ्याचं झाड, ते सगळं. देवाशपथ, आयव्ही, साक्षीच्या दिवशी मला वाटलं मी खरंच सांगतोय. तू वाकलीस तेव्हा कळलं. मी आठवायला गेलो की नुसता काळोख."

"अरे, मग तेव्हाच सांगायचंस ना, भीती वाटली म्हणून!"

"कुणाला? सगळे म्हणत होते, मेटकाफांचा पोरगा धीराचा."

आयव्ही रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चल, ऊठ. आता बघ."

"या वयात? कंबर मोडेल."

"मी धरते तुला."

विल्फ उठला, कण्हत कण्हत वाकला, तिने त्याचा कोट मागून घट्ट धरला. त्याचं डोकं माझ्या कडेला टेकलं.

"दिसला?"

"थांब जरा," विल्फ म्हणाला. "बघतोय."

मित्रांनो, मला उभं करून आता बरीच वर्षं झाली. फेरी पुन्हा सुरू झाली, मुलगे आणि मुली दोघांनाही आपटतात. विल्फ होता तोवर पाय तोच धरायचा, आणि उचलायच्या आधी प्रत्येक मुलाला हळूच विचारायचा, "भीती वाटते का रे? वाटत असली तर सांग, नुसता हात लाव, तेवढंही चालतं." कुणी हात लावायचं, कुणी उलटं व्हायचं, पाव सगळ्यांना सारखाच मिळायचा.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, मी दगड आहे, निभावून नेईन. पण एखादं लहान मूल गप्प उभं राहिलं की लगेच त्याला धीराचं म्हणून टाकू नका. आधी विचारा. नाहीतर त्याला साठ वर्षं मिटल्या डोळ्यांतल्या काळोखाला गाव म्हणत बसावं लागतं.